साखरेच्या मांजराची पाटी

शी! माझ्याकडे बघून सगळे हेच म्हणतात, तेव्हा बोलायला तिथूनच लागते. मी पाटी. लिहायची नव्हे हो, तेवढं भाग्य कुठलं! मी मांजराने मुतायची पाटी. निळ्या प्लॅस्टिकची, चौकोनी, उंच काठांची.

जन्मतः काही मी अशी नव्हते. कारखान्यातल्या तापलेल्या साच्यातून बाहेर पडले तेव्हा अंगाला नुसता नव्याचा वास. दुकानात एका बाजूला बादल्या आणि दुसऱ्या बाजूला बाळाच्या आंघोळीचा टब. आपण कुणाची भाजी धुऊ, कुणाचे कपडे भिजवू, एवढ्याच आमच्या गप्पा. मला एका शिंपिणीने उचललं. ती माझ्यात रिळं, बटणं आणि उरलेले कापडाचे तुकडे ठेवायची. रेशीम काय, मखमल काय! अंगावर घेऊन झोपावं असा माल. मी फुगले होते अगदी.

आणि मग तो आला.

भटक्या मांजरांच्या निवाऱ्यातल्या बाईने पिंजरा आणून शिलाई मशीनशेजारी ठेवला. आत एक तांबडा बोका. डोकं मोठं, ढुंगण वाळलेलं, आणि चालताना मागच्या पायांच्या टाचा जमिनीला टेकलेल्या, जणू चपला झिजल्यात.

"याला साखर आहे," बाई म्हणाली. "सकाळ-संध्याकाळ जेवण झालं की सुई टोचायची. तुमचा सुईचा हात आहे, म्हणून तुमच्याकडेच आणला."

"अहो, मी कापडाला टोचते," शिंपीण म्हणाली. "कापड वळून चावत नाही."

"हाही नाही चावत, गरीब आहे. साखर ताब्यात आली की याला कायमचं घर बघून देऊ. तोवर तुम्ही सांभाळा."

झालं. माझ्यातली मखमल खोक्यात गेली, माझ्यात वाळू ओतली आणि मला घरातल्या बोळात बेसिनखाली सरकवलं.

आता जे सांगते ते जेवताना ऐकू नका. साखरेचं मांजर पाणी पितं ते तळं आटवायला बसल्यासारखं, आणि ते सगळं येतं माझ्या अंगावर. वाळूच्या गाठी होत, केवढ्या म्हणाल तर मुठीएवढ्या. तळाला अशा चिकटत की कणीक परवडली. वर तो मुताचा गोडूस वास, आणि त्या वासाने भिंतीतून निघालेली मुंग्यांची रांग. मुंग्या, बाई! साखरेच्या डब्याला लागाव्यात तशा मला लागल्या. शिंपिणीने स्वयंपाकघरातला जुना झारा काढला आणि रोज त्याने गाठी उपसू लागली. त्या झाऱ्याचं आणि माझं दुःख एकच.

घरात दुसरं माणूस म्हणजे तिचा सासरा. नवरा बोटीवर नोकरीला, सासू केव्हाच गेलेली. सासरा जन्मभर बस चालवून घरी बसलेला. त्यानेच बोक्याचं नाव 'साहेब' ठेवलं, कारण बोका खुर्ची मागे आणि मिळेस्तोवर ओरडे. दुपारभर साहेब म्हाताऱ्याच्या पोटावर, आणि म्हातारा छताकडे बघत हळू आवाजात बोलतोय. मला मात्र त्याने कधी हात लावला नाही. बोळातून जाताना नाकाशी वर्तमानपत्र धरायचा. मांजर हवं, मांजराचं मूत नको. अशी माणसं पुष्कळ असतात.

आणि एक गोष्ट मी बघितली, जी शिंपिणीने नाही बघितली. संध्याकाळी तिचं मशीन घरघरायला लागलं की म्हातारा बोळात यायचा. बशीत साखरेचं दूध, त्यात बिस्किट कुस्करलेलं. माझ्या शेजारी उकिडवा बसायचा, एका हाताने नाक दाबून, दुसऱ्या हाताने बशी धरून.

"खा रे साहेबा," म्हणायचा. "बरा झालास तर नेतील तुला."

बोका लपालपा खायचा. म्हातारा बाहीने त्याच्या मिशा पुसायचा. मग बोका माझ्यात यायचा आणि मी रात्रभर ते दूध-बिस्किट भोगायचे.

दर आठवड्याला दवाखान्यात बोक्याच्या कानातून रक्ताचा थेंब काढत. साखर काही हलेना. डॉक्टरीण सुईतलं औषध वाढवे, पुन्हा वाढवे. शिंपीण घरी येऊन टाचण्यांच्या गादीवर सुई टोचून बघायची.

"मामंजी, माझाच हात चुकतो की काय हो?"

"छे गं सूनबाई. त्या डॉक्टरणीला काय कळतंय!" असं म्हणून म्हातारा खिडकीबाहेर बघे. मला तोंड असतं तर तिथेच सगळं ओकले असते.

मग म्हाताऱ्याच्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला. ऑपरेशनसाठी तो लेकीकडे गेला. जाताना बोक्याच्या डोक्यावर हात ठेवून किती वेळ उभा होता! रिक्षावाला खालून शिट्ट्या मारत होता.

बशी बंद झाली. सुई मात्र वाढवलेलीच चालू.

माझ्या गाठी लहान झाल्या. मुंग्या पांगल्या. मी खूश! म्हटलं, सुटले एकदाची. दुपारी शिंपीण कुणाचा तरी झगा उसवत बसली होती, तेव्हा साहेब झोकांड्या खात बोळात आला. माझ्यात चढला, पण मुतला नाही. आडवा झाला. स्वतःच्या घाणीत मांजर कधी झोपत नाही हो, तेवढी त्याला अक्कल असते. हा झोपला. डोळे सताड उघडे, पाय थडथडतायत.

"साहेबा, तिथे काय झोपतोस रे? ऊठ." तिने उचललं तर मान लुळी.

तिने दवाखान्यात फोन लावला. "साखर एकदम उतरलीय," पलीकडून डॉक्टरीण म्हणाली. "हिरड्यांना मध चोळा. तोंडात ओतू नका, नुसता बोटाने लावा. आणि तशाच निघा."

पिंजरा काढायला वेळ कुठला? तिने मध लावला आणि मला बोक्यासकट, वाळूसकट उचललं. मी जिना उतरले, रिक्षात बसले. रिक्षावाला म्हणाला, "ताई, हा वास—" ती म्हणाली, "चालवा!" त्याने रिक्षा पळवली.

दवाखान्यात त्याला सलाईन लावलं. डॉक्टरणीने विचारलं, "याला दुसरं काय खायला मिळत होतं?"

"काहीच नाही."

"नीट आठवा. काहीतरी गोड मिळत होतं, ते बंद झालंय."

घरातून गेलं होतं ते एकच माणूस, हे शिंपिणीच्या ध्यानात आलं. मग तिने फोन लावला.

"मामंजी, डोळा कसा आहे?"

"बरा आहे गं. साहेब कसा आहे?"

"मरायला टेकलाय. काय घालत होता त्याला?"

पलीकडे म्हातारा खाकरला. मग, "बिस्किट. दुधात. थोडंसंच."

"रोज?"

"रोज."

"का हो?"

"बरा झाला असता तर नेला असता ना त्याला."

ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "आणि मेला असता, तर ठेवून घेतला असता का?"

माझ्यात आजवर काय काय पडलं, पण त्या म्हाताऱ्याच्या मायेएवढी घाण मला कशाचीच वाटली नाही.

संध्याकाळपर्यंत बोक्याने मान उचलली. दोन दिवसांनी घरी आला. आठवड्याने म्हाताराही आला, डोळ्याला काळा चष्मा. शिंपिणीने झारा त्याच्या हातात दिला.

"हे आता तुमचं."

पहिल्या दिवशी त्याला उमासे आले. बेसिन धरून उभा राहिला, तोंड धुतलं, परत वाकला. हळूहळू नाक दाबणं सुटलं. नवा डोळा लावून एकेक गाठ झाऱ्यावर धरायचा, उजेडात फिरवायचा, सराफाने दागिना बघावा तसा.

"सूनबाई, कालच्याहून लहान आहे गं," असं आनंदाने ओरडायचा. आणि ओरडता ओरडताच त्याचा आवाज बसायचा. गाठ लहान झाली म्हणजे जायचा दिवस जवळ आला, हे त्याला माझ्याइतकंच कळत होतं. तरी बशी पुन्हा आली नाही. मी डोळ्यांत तेल घालून बघत होते.

साखर ताब्यात आली. टाचा उचलून बोका नीट चालायला लागला. निवाऱ्यातली बाई एका शिक्षिकेला घेऊन आली. म्हाताऱ्यानेच तिला सगळं शिकवलं.

"जेवल्यावरच टोचायचं. अशी चिमटीत कातडी धरायची. गोड मागेल, द्यायचं नाही. आणि मागत असताना त्याच्या डोळ्यांत बघू नका, फसाल."

मग त्याने मला मोरीत नेऊन स्वतः घासलं. कोपरे नखाने खरवडले. "पाटी हीच न्या," म्हणाला. "नवी दिलीत तर रुसेल." पिंजरा खाली न्यायला मात्र आला नाही. बोळात, माझ्या रिकाम्या जागेशी उभा राहिला.

आता मी शिक्षिकेच्या गच्चीत असते. बाई भली आहे, पण तोंड फिरवते, डोळे मिटते आणि एका झटक्यात सगळं पिशवीत कोंबते. बाई, माझी किळस करा, मलाही माझी येते. पण पिशवी बांधायच्या आधी एकदा बघत जा. गाठ मोठी वाटली, किंवा वाळू कोरडीच राहिली, तर त्या म्हाताऱ्याला फोन करा. केवढी आहे ते नुसतं सांगा. तो ओळखेल.