पंधरा मिनिटं पुढचं घर

बिसनलालच्या घरात दुर्गेश्वरीच्या नोकरीचं कौतुक फक्त दुर्गेश्वरीलाच होतं. नागपूरच्या एका कंपनीनं तिला घरबसल्या दवाखान्यांची बिलं तपासायचं काम दिलं होतं. सुनेनं खोलीचं दार लावून दिवसभर कंप्युटरपुढे बसायचं म्हणजे साऱ्या तिरोड्यात घराची शोभा, असं सासऱ्याचं मत. दिराचं दुखणं वेगळं. खुमेंद्रनंही अर्ज केला होता; बोलावणं आलं ते वहिनीला.

कंपनीची वेबसाइट सरळ उघडत नसे. आधी कंप्युटरवर प्रॉक्सीचा प्रोग्रॅम टाकायचा, त्यात कंपनीची लिंक चिकटवायची, सर्व्हर निवडायचा आणि बटण चालू करायचं. मग सगळं जाणं-येणं कंपनीच्या सर्व्हरमधून. दुर्गेश्वरीनं कागद पुढ्यात ठेवून हे तीनदा केलं. हिरवा दिवा लागायचा, पान मात्र कोरं ते कोरंच. असे दोन दिवस गेले. आज सकाळी दहाच्या आत लॉगिन झालं नाही तर नाव कटणार होतं.

"भाऊजी, तुमी काई केलं का याले?"

खुमेंद्र दारात चहा पीत मजा बघत उभा होता. "मी कायले करू? कंप्युटरचा कोर्स मी केला, नोकरी तुमाले भेटली. चालवा आता."

त्या कपातला चहा त्याच्याच अंगावर ओतावा असं तिला वाटलं. तिनं कंपनीच्या मदतीचा नंबर लावला. पलीकडे टीना नावाची मुलगी होती.

"आता बटण दाबा, मॅडम. हं, सर्व्हर नाकारतोय. कंप्युटरचं घड्याळ बरोबर आहे ना? दोन मिनिटांचाही फरक चालत नाही."

दुर्गेश्वरीनं स्क्रीनच्या कोपऱ्यात पाहिलं. "नऊ एकोणपन्नास."

"मग ते ठीक आहे. मी रिपोर्ट पाठवते."

रिपोर्ट मोबाइलवर आला: प्रयत्न ९.४९ वाजता, नाकारला. तिनं प्रोग्रॅममधली नोंद उघडली. तोच प्रयत्न तिथं लाल अक्षरांत होता, वेळ १०.०४.

मघाशी स्क्रीनवर दहा वाजून चार मिनिटंच होती. एकोणपन्नास तिनं सांगितले, कारण सहा वर्षांच्या संसारात तिला तेच वळण लागलं होतं: घड्याळ बघायचं, पंधरा वजा करायचे, मग तोंड उघडायचं.

तरुणपणी बिसनलालची गोंदियाची गाडी चुकली होती, घरचं घड्याळ मागं पडलं म्हणून. गोंदियाला सरकारी नोकरीची मुलाखत होती. ती गेली, आणि त्याचा राग त्यानं जन्मभर घड्याळांवर काढला. भिंतीवरचं, देवघरातलं, सगळी पंधरा मिनिटं पुढे. कंप्युटर आला तेव्हा खुमेंद्रकडून त्याचंही घड्याळ पुढे करून घेतलं. आता सगळेच वजाबाकी करत, बिसनलालसुद्धा, त्यामुळे या घरातलं कुणी कधी कुठं लवकर पोचल्याचं ऐकिवात नाही. पण घड्याळाला हात लावायची छाती कुणाची नव्हती.

दुर्गेश्वरीनं वेळेची सेटिंग उघडली.

"बाबा!" खुमेंद्र ओरडला. "वहिनी घड्याळ बदलवून राहिली!"

बिसनलाल तरातरा आला. "कोणाले इचारून?"

"माही नोकरी चालली, मामाजी."

"माही बी गेली होती. तवापासून या घरातलं घड्याळ मागं जात नाई."

"तुमची मागच्या घड्याळानं गेली. माही पुढच्यानं जाऊन राहिली."

एवढं उलट या घरात त्याला कुणी बोललं नव्हतं. त्याचा हात कंप्युटरच्या वायरकडे गेला. तिनं तो मनगटाशी धरला आणि दुसऱ्या हातानं वेळ मागं केली. नऊ सत्तावन्न. प्रोग्रॅम बंद करून पुन्हा चालू केला. हिरवा दिवा लागला, पान भरलं, वर तिचं नाव आलं. तेव्हा कुठं तिनं सासऱ्याचं मनगट सोडलं.

बिसनलालनं मनगट चोळत भिंतीकडे पाहिलं. "सव्वादहा होऊन राहिले. उशीरच झाला तुले."

तिनं पहिलं बिल उघडलं.

"संध्याकाळी काम झालं का पयले पुढं लावजो ते."

"सहाले काम सरते. मंग तुमीच लावा."

"कोणत्या घड्याळाचे सहा?"

"माह्या," दुर्गेश्वरी म्हणाली, आणि दोघांच्या तोंडावर दार लावून कामाला बसली.