काचेचा गोळा आणि मिस्त्रींची उचकी

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. खिडकीवरचा नव्हे, नाटकातलाही नव्हे. छाती आणि पोट यांच्यामध्ये आडवा ताणलेला, घुमटासारखा, मांसाचा पडदा. पुस्तकात मला श्वासपटल म्हणतात. ज्यांच्या अंगात माझा मुक्काम आहे, ते गृहस्थ काचेच्या कारखान्यात फुंकणी फुंकतात. सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात.

जन्मल्याबरोबर त्यांनी जे भोकाड पसरले, ते माझ्या जिवावर. तेव्हापासून मला सुट्टी नाही. मी आकसून खाली सरकलो की छातीत जागा होते आणि हवा आत येते. मी सैल पडून वर आलो की ती बाहेर जाते. फुप्फुसांना स्वतःहून तसूभर हलता येत नाही, पण कौतुक सगळे त्यांचे. हृदय तर माझ्या डोक्यावर बसून दिवसरात्र धडधडते, आणि झाडून सारी गाणी त्याच्यावर! माझ्यावर कुणी एक ओळ लिहिली असेल तर शपथ.

मिस्त्री तरुण होते तेव्हा आमचे छान जमायचे. वितळलेली काच फुंकणीच्या टोकावर घेऊन ते गरगर फिरवत. मी हवा ओढून देई, पोटाचे स्नायू मला खालून बेताने रेटत आणि काच फुगून तिची बरणी होई. पुढे मिस्त्रींनी एक अजब समज करून घेतला. "फुंकायला दम लागतो, अन् दमाला भरलेलं पोट," असे म्हणत काच तापेपर्यंत ते भट्टीपाशी उभ्या उभ्या अख्खा डबा रिचवू लागले.

"अहो, चावून खा. पोटात दात नाहीत!" त्यांची बायको रोज बजावायची. मिस्त्री मान डोलवायचे आणि घासाबरोबर हवाही गिळायचे. मग माझ्याखालचे जठर टम्म फुगायचे. माझ्याकडे येणारी नस चिडायची, मी झटक्याने खाली यायचो, कंठातले दार खाड्कन बंद व्हायचे आणि मिस्त्री म्हणायचे, "हिक्!" फुंकर तुटायची आणि बरणीच्या पोटाला वळी पडायची.

वळ्यावळ्यांच्या बरण्या पाहून एक दिवस मालक म्हणाले, "मिस्त्री, तुमचा दम संपलाय. उद्या दिव्याचा मोठा गोळा फुंकून दाखवा. जमला तर फुंकणी तुमची. नाहीतर परवापासून माल बांधायला बसा."

मिस्त्रींचा चेहरा पडला. फुंकणीशिवाय त्यांना दुसरे काही येत नव्हते, आणि यावे असे कधी वाटलेही नव्हते. म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांनी काय करावे? दोन डबे नेले, आणि दोन्ही फस्त केले! मी हात जोडले असते, पण मला हात नाहीत.

मालक समोर उभे राहिले. मिस्त्रींनी काच घेतली, पहिली फुंकर घातली, आणि मला ती ओळखीची उबळ आली. मी खूप आवरून धरले, पण मिस्त्रींना चाहूल लागलीच. त्यांनी झटकन ओठ काढले आणि फुंकणीच्या तोंडावर अंगठा दाबला. "हिक्!" ती उचकी कारखान्याच्या हवेत गेली. अंगठा तसाच ठेवून, श्वास कोंडून, ते फुंकणी फिरवत राहिले. आत अडकलेली हवा तापून पसरू लागली आणि गोळा आपला आपण फुगत गेला.

"मिस्त्री, अहो श्वास घ्या, लाल झालात!" भट्टीवाला ओरडला.

मिस्त्रींनी ऐकले नाही. कोंडलेल्या श्वासाने रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला आणि माझी चिडलेली नस हळूहळू निवली. पुढची उचकी आलीच नाही. शेवटी मिस्त्रींनी श्वास घेतला, उरलेली फुंकर सलग घातली, आणि गोळा गुळगुळीत उतरला.

मालकांनी तो चारी बाजूंनी पाहिला. "फुंकणी तुमचीच. पण मिस्त्री, उद्यापासून खाली बसून जेवायचं. तोवर काच दुसरा कुणीतरी सांभाळेल."

मिस्त्रींच्या डोळ्यांत पाणी आले. त्यांनी एक लांब निःश्वास सोडला आणि मी वर गेलो. इतक्या हलक्या मनाने मी आयुष्यात वर गेलो नव्हतो.

मित्रांनो, तुमच्या बरगड्यांखालीही माझा एक भाऊबंद राबतो आहे. त्याला गाणी नकोत, हारतुरे नकोत. फक्त सावकाश जेवा, आणि त्याला खाली यायला चार बोटे जागा ठेवा.