मुंगीची बोटे

घरातला अधिकृत निष्कर्ष असा होता की मुंगीला हवा तो कॉम्प्युटर मिळाला, तिच्यातच गती नव्हती. निष्कर्ष वडिलांचा. प्रवेशपरीक्षांचे पेपर काढण्यात त्यांची हयात गेली होती. कोण कुठे गळणार हे आधी ठरवायचे आणि मग प्रश्न लिहायचे, हा त्यांचा व्यवसाय. साहजिकच त्यांच्या निष्कर्षाला घरात कोणी हात लावत नसे.

'हवा तो' म्हणजे कोणता? तेरा वर्षांच्या मुलीने डेस्कटॉप मागितला होता: मोठी पेटी, गेमची चित्रे न अडखळता पळवणारे वेगळे ग्राफिक्स कार्ड, आत वारा खेळायला जागा. घरी आला तो पातळ, रुपेरी लॅपटॉप. वेगळे कार्ड नावालाही नाही.

"तो डबा काय करायचाय? हा कुठेही नेता येतो," वडील म्हणाले. मुंगी तो घेऊन कुठे जाणार होती, हे विचारायचे राहून गेले.

निष्कर्षाचा दुसरा भाग अधिक निर्दय. वडिलांच्या बदलीनंतर मुंगीला मैत्रिणी उरल्या होत्या त्या फक्त ऑनलाइन खेळाच्या टीममध्ये. सामना जरा रंगात आला की लॅपटॉप तापे, पंखा घोंघावे, चित्र अडखळे आणि पडद्यावरची मुंगी उभ्या जागी मरे.

"अगं, झोपलीस का?" हेडफोनमधून ओरडा येई.

"दाबलं होतं गं मी!"

"मग आम्हाला का नाही दिसलं?"

तिने वडिलांना विचारले, "बाबा, हाच अडकतो ना?"

"यंत्र ठणठणीत आहे. हात बघ तुझे."

तिने हात बघितले. जेवताना टेबलाच्या कडेवर बोटे नाचवू लागली, रबरी चेंडू दाबू लागली. टीमने तिच्या जागी दुसरी मुलगी घेतली तेव्हा ती रडलीही नाही. "माझी बोटंच मंद आहेत," असे आईला सांगून तिने चित्रे काढणेही बंद केले.

मावशी व्हिडिओ जोडण्याचे काम करी. तिने मुंगीला आपल्या तगड्या डेस्कटॉपसमोर बसवले. मुंगी खेळली आणि तिने समोरची टीम धुऊन काढली.

"कार्टे, कच्चं खाल्लंस की त्यांना!"

"तुझं मशीन चांगलं आहे, मावशी," मुंगी म्हणाली आणि हात मांडीखाली घेऊन बसली.

त्याच संध्याकाळी मावशीने मेहुण्यांना गाठले. "भाऊजी, कसला लॅपटॉप गळ्यात मारून घेतलात? दुकानदाराने फसवलं की काय?"

"मला कोण फसवणार?"

"तेच म्हणते मी."

त्यांनी वर्तमानपत्राची नीट घडी घातली. पुढचे शब्द त्यांचेच आहेत, एकही बदललेला नाही:

"मीच त्याला विचारलं, गेम सुरू होईल पण धड चालणार नाही, असं कुठलं आहे? नाही म्हटलं असतं तर हट्टाला पेटली असती. म्हटलं, चार वेळा हरली की आपणहून सोडेल. आणि सोडलंच ना तिने?"