ठकीचं वय

चूक दिसली की प्रुफं तपासणाऱ्या बाईचा हात आपोआप लाल पेनाकडे जातो. छापखान्यात वीस वर्षं काढल्यावर दुसरं काय होणार! त्या सकाळी नवऱ्याच्याच प्रचाराचं पत्रक तिच्या टेबलावर आलं आणि तिसऱ्या ओळीत तिने वाचलं, ‘माझी पाच वर्षांची लेक’. पाचावर काट मारून तिने समासात सात लिहिलं. ठकी गेली तेव्हा सात वर्षांची होती. आईला नाही कळणार तर कुणाला?

दुपारी छापून आलेल्या गठ्ठ्यात पाचच होतं.

“साहेबांच्या ऑफिसातून फोन आला, ताई,” छापखान्याचा मालक मान खाली घालून म्हणाला. “पाचच ठेवा म्हणाले.”

साहेब म्हणजे तिचा नवरा. नऊ वर्षांपूर्वी हा माणूस शाळेत भूगोल शिकवायचा आणि हेडमास्तरांसमोर त्याची बोबडी वळायची. ठकीला ताप चढला त्या दिवशी दोघांनी तिला सरकारी दवाखान्यात नेलं. खिडकीतल्या कारकुनाने फॉर्म पुढे सरकवला. बापाने ठकीच्या खिशातली पेन्सिल घेऊन तो भरला, तर पेन्सिल चालत नाही. आईने पर्समधलं लाल पेन काढलं, तर लाल शाईही चालत नाही. खुर्ची एवढीशी, पण तोरा केवढा! बाप निळं पेन शोधायला रस्त्यावर धावला. इकडे बाकावर ठकी आईला म्हणाली, “बाबांना सांग, माझी पेन्सिल परत द्यायची.” तेवढंच. तो पेन घेऊन आला तेव्हा फॉर्मची गरज उरली नव्हती.

पुढच्याच आठवड्यात तो त्या खिडकीसमोर उभा राहिला आणि जन्मात पहिल्यांदा मोठ्याने बोलला. जे घडलं ते, जसंच्या तसं. रांगेतली माणसं रडली, मग चिडली, मग त्याच्यामागे चालू लागली. आधी उपचार, मग कागद, असा नियम त्याने करायला लावला. खोटं कशाला बोला, त्या नियमाने कितीतरी पोरं वाचली. म्हणून तर ती इतकी वर्षं गप्प बसली.

पण तो नगरसेवक झाला, मग नगराध्यक्ष झाला, आणि ठकी दर निवडणुकीला लहान होत गेली. सातची सहा झाली, सहाची पाच. पेन्सिलीच्या वाक्याला लोक हसतात म्हणून तेही काढून टाकलं. भाषणं लिहिणाऱ्या माणसाने तिथे नवे शेवटचे शब्द घातले, “बाबा, असं दुसऱ्या कुणाचं होऊ देऊ नका.” तापाने फणफणलेलं पोर असं बोलतं का कधी?

संध्याकाळी तिने विचारलंच, “पाच का?”

“अगं, पाच म्हटलं की लोकांना जास्त लागतं. यंदा वारं फिरलंय. तुला राजकारणातलं नाही कळत.”

“ठकीतलं कळतं ना मला. उद्याच्या सभेत तिचं नाव काढू नका. नऊ वर्षांत काही मागितलं नाही मी तुमच्याकडे.”

“नाही काढणार,” तो म्हणाला. “शब्द देतो.”

सभेत ती पहिल्या रांगेत बसली. त्याने रस्ते सांगितले, पाणी सांगितलं, गटारं सांगितली. माणसं जांभया देऊ लागली, मागच्या खुर्च्या सरकल्या, चारदोन जण उठलेही. रिकाम्या खुर्च्यांवरून फिरणारी त्याची नजर तिने पाहिली. मग त्याने तिच्याकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे.

“माझी पाच वर्षांची लेक...”

उठलेले लोक खाली बसले. त्याचा आवाज फुटला, डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि वाईट म्हणजे ते खरं होतं. मोठ्या पडद्यावर आता तिचा चेहरा होता. तीही रडत होती, मोडलेल्या शब्दासाठी. लोकांनी तिच्या रडण्यावर टाळ्या वाजवल्या.

घरी आल्यावर तो पलंगाच्या कडेला बसून बूट काढू लागला. नाडी सुटेना. मान वर न करताच त्याने विचारलं, “ती खरंच काय म्हणाली होती गं? तू सांगितलं होतंस मला. आज बोलताबोलता आठवून पाहिलं, तर काही केल्या आठवेना. ते भाषणातलंच वाक्य येतं. आणि येतं ते तिच्या आवाजात.”

हा साहेब नव्हता, तिचा मास्तर होता, किती वर्षांनी घरी आला होता. सांगून टाकावं आणि दोघांनी मिळून रडावं, राहून गेलेलं सगळं, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. पण परवा शेवटची सभा होती. तो ते शब्द जपेल, शपथेवर जपेल, आणि एक दिवस मागच्या खुर्च्या सरकतील. तिच्याकडे पोरीचं तेवढंच उरलं होतं.

“तुम्ही म्हणता तेच,” ती म्हणाली. “तेच म्हणाली ती.”

“हो ना?” त्याने विचारलं आणि पोरासारखा हुंदके देऊ लागला. तिने त्याला जवळ घेतलं आणि पाठीवरून हात फिरवला.