गिरणी चालू असताना

पाहुणे यायचे म्हटलं की लोक हातातलं काम बंद ठेवतात. आमच्या गल्लीतल्या गिरणीवाल्याचं सगळंच उलटं. त्याच्या धाकट्या मुलीला बघायला माणसं आली की तो त्यांना घरात बसवायचाच नाही. पिठाच्या गिरणीतच खुर्च्या मांडायचा आणि पट्टा सुरू करायचा. त्या खडखडाटात सगळेच ओरडून बोलतात, आणि ओरडून बोललेलं धाकटीला ऐकू येतं. ती स्वतः हळू बोलते. पाहुणे म्हणायचे, किती शांत मुलगी!

कानाच्या आतली इवलीशी हाडं तिला जन्मतःच एकमेकांना चिकटलेली. नस चांगली आहे, ऑपरेशन करून हाड मोकळं करू, नाहीतर यंत्र लावू, असं डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून समजावलं होतं. गिरणीवाल्यानं हात जोडले नि पोरीला घरी आणलं. कानात यंत्र दिसलं, तर तिला पत्करणार कोण?

थोरलीचे कानही असेच. तिचं लग्न याच खडखडाटात जमलं. सासरचं घर शांत. हाक ऐकू आली नाही की ती मुजोर, परत विचारलं की मंद, आणि खरं कळलं तेव्हा फसवी. आता ती तिथे मागच्या खोलीत असते. कुणी हाकच मारत नाही. आपण मात्र 'पोरीचं नशीब' म्हणून मोकळे होतो. लाज वाटायला हवी, ती वाटत नाही.

त्या दिवशी मुलाची आई शिवण येतं का, म्हणून ओरडून विचारत होती. धाकटी उठली. पाणी आणायला चालली असेल, असं बापाला वाटलं. तिनं बटण बंद केलं. पट्टा फिरत फिरत थांबला.

"आता विचारा," ती म्हणाली.

मुलाच्या आईनं साध्या आवाजात काहीतरी विचारलं.

"नाही ऐकू आलं. जन्मापासून असंच आहे. ताईचंही."

पाहुणे उठून गेले. कुणी भांडलं नाही, कुणी रडलं नाही. दळणाला आलेल्या बायका डबे धरून तशाच उभ्या. गिरणीवाल्याचा हात बटणाकडे गेला, तर त्याची बायको मध्ये येऊन उभी राहिली. इतकी वर्षं ती पोरींशी खुणांनीच बोलायची, आवाज चढवला तर शेजाऱ्यांना कळेल म्हणून.

आता ती गल्लीभर ऐकू जाईल एवढ्यानं ओरडली, "उद्या गिरणी बंद. तुझे कान दाखवायला जायचंय. वाटेत ताईला घेऊ."

"ऐकू आलं," धाकटी हळूच म्हणाली.

गल्लीत सगळ्यांनाच आलं. यापुढे आम्हाला माहीत नव्हतं म्हणायची सोय राहिली नाही.