सोडतीतली रायफल

“सोडतीत फ्रीजर ठेवायचा? अगं व्हर्ना, फ्रीजरच्या तिकिटाला कुत्रं तरी विचारील का? रायफल म्हटलं की रांग लागते.” सोडत चालवणारा ड्वेन हुबर हॅमचा तुकडा चघळत म्हणाला.

रांग खरंच लागली होती. पेनसिल्व्हेनियातल्या त्या गावात चर्चचं छप्पर गळो, कोणाला कॅन्सर होवो, अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये मदतीसाठी जेवण व्हायचं आणि शेवटी रायफलची सोडत. यंदाची सोडत व्हर्नाच्या मुलासाठी, वेडसाठी होती. सतरा वर्षांच्या त्या पोराच्या कमरेत शेजारच्या लेलंडची गोळी घुसली होती. लेलंड ओसरीवर बंदूक पुसत असताना ती उडाली. ‘रिकामीच होती,’ असं तो त्या दिवसापासून भेटेल त्याला सांगत होता.

दुसरं ऑपरेशन झालं नाही तर वेड कुबडीवरच राहणार, आणि विमा कंपनी खर्चाला नाही म्हणत होती. व्हर्ना शाळेची बस चालवायची. त्या पगारात हाड सांधत नाही, हे तिला कळत होतं. म्हणून ती तोंड मिटून लोकांना वाढत होती.

“ते शहरातले आता बंदुकांवर कायदा आणा म्हणतील,” कोपऱ्यातून कोणी बोललं.

“आणू देत. माझी बंदूक काय स्वतःहून उठून जाते?” ड्वेन म्हणाला, आणि टेबल हसलं. मग व्हर्नाकडे बघून त्यानं घाईनं रुमालानं तोंड पुसलं.

व्हर्नानं मनातल्या मनात हिशेब मांडला. हसणाऱ्यांतल्या प्रत्येकानं तिच्या पोरासाठी पैसे दिले होते. वाईट एकही नव्हता. त्याचीच तिला जास्त किळस आली.

चिठ्ठी तिलाच काढायला लावली. तिकिटांच्या पिंपात हात घालताना तिला मासळीच्या आतड्यांत हात घातल्यासारखं वाटलं. तिनं चिठ्ठी उलगडली. नाव वाचायला तिला वेळ लागला.

“लेलंड यॉस्ट.”

मग मागून कोणीतरी टाळी वाजवली, तशा सगळ्यांनीच वाजवल्या. लेलंडनं पश्चात्तापापायी पुडकंच्या पुडकं तिकिटं घेतली होती. तो रडवेला होऊन पुढे आला.

“मला नको ही. वेडला देतो. अठराचा झाला, कुबडी सुटली, की मीच नेईन त्याला हरणाच्या शिकारीला. चालेल ना, व्हर्ना?”

टाळ्या वाढल्या. चर्चच्या पास्टरबाईंनी डोळे टिपले. ड्वेननं भिंतीवरून रायफल काढून व्हर्नापुढे धरली. “घे. फोटो काढू.”

व्हर्नाचे हात खालीच राहिले.

“अगं, घाबरतेस काय? रिकामी आहे,” तो म्हणाला.

ती वळून स्वयंपाकघरात गेली. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी लेलंडच्या बायकोनं बटाट्याची कोशिंबीर पाठवली होती, तिचं निळं भांडं आज परत करायला व्हर्नानं आणलं होतं. भांडं रिकामं परत करू नये या रीतीप्रमाणे त्यात घालायला तिनं सफरचंदाचा केकही केला होता. केकची पिशवी तिनं ओट्यावरच ठेवली. भांडं नळाखाली धरून पुन्हा घासलं, कोरडं केलं आणि बाहेर येऊन लेलंडच्या हातात दिलं.

“तुमच्या घरचं भांडं,” ती म्हणाली. “आत बघून घे. हे रिकामं आहे.”

मग तिनं टेबलावरच्या उष्ट्या बशा गोळा करायला घेतल्या. ड्वेन रायफल धरून तसाच उभा होता. त्याच्यापुढची बशीही तिनं उचलली.