शिंप्याच्या मानेतली पेशी

मित्रांनो, मी एक जुनी, फुगलेली पेशी आहे. एका शिंप्याच्या मानेत डाव्या बाजूला जी मोठी धमनी आहे, तिच्या भिंतीत मी अडकून पडले आहे. तुमच्या पुस्तकात मला भक्षक पेशी म्हणतात. नाव भारदस्त, पण काम झाडूवालीचं. शरीरात घाण साचेल तिथे जायचं आणि ती खाऊन टाकायची.

माझा जन्म हाडाच्या मज्जेत झाला. रक्तातून फिरताना मला या भिंतीकडून हाक आली. येऊन पाहते तर आत कोलेस्टेरॉलचा ढीग! मी पदर खोचून कामाला लागले. आमची रीत अशी, की खाल्लेलं कोलेस्टेरॉल रक्तातल्या हमाल-कणांच्या हवाली करायचं. ते ओझं यकृतात नेऊन टाकतात. पण आवक फार आणि हमाल थोडे. माझं पोट फुगत गेलं आणि मला जागचं हलता येईना.

तरी ते दिवस बरे होते. कंठ शेजारीच, त्यामुळे शिंप्याचा शब्द न् शब्द थरथरत माझ्यापर्यंत यायचा. तो गळ्यातला टेप काढून गिऱ्हाइकाचं माप घ्यायचा आणि त्याची लेक वहीत उतरवायची.

"छाती अडतीस."

"लिहिलं."

"पोट चव्वेचाळीस. हे जरा बारीक अक्षरात लिही."

गिऱ्हाईकसुद्धा खो खो हसायचं.

मग एका तपासणीनंतर डॉक्टरांनी त्याला कोलेस्टेरॉल कमी करणारी रोजची गोळी दिली. भिंतीतली आवक घटली. माझ्या काही सोबतिणी हलक्या होऊन निघूनही गेल्या. आता माझा नंबर, असं मी स्वतःला समजावत होते. तेवढ्यात त्याचा रिपोर्ट चांगला आला आणि त्याने गोळी बंद केली.

"बाबा, डॉक्टरांनी रोज घ्यायला सांगितलीय ना?"

"अगं, फिटिंग बसलं की आपण सुई बाजूला ठेवतो. बसलेला कपडा पुन्हा कशाला उसवायचा?"

"निदान त्यांना विचारा तरी."

"विचारीन गं. आधी ती बाही लाव."

त्याने विचारलं नाही. माणसांची मापं दरवर्षी बदलतात हे ज्याने आयुष्यभर पाहिलं, त्याला स्वतःच्या बाबतीत ते सुचलं नाही.

ढीग पुन्हा वाढला. सोबतिणी खाऊन खाऊन जागीच मेल्या आणि त्यांच्या पोटातली चरबी तिथेच सांडली. माझाही जीव कासावीस झाला, आणि माझ्यातून असे रस पाझरले की ढिगावरचं आवरण झिजत गेलं. मी मुद्दाम केलं नाही. पण केलं मीच, आणि याचं दुःख मला शेवटपर्यंत राहील.

एका सकाळी माप घेता घेता ते आवरण फाटलं. जखम समजून रक्त धावून आलं, गोठलं आणि त्या गुठळीचा तुकडा मेंदूकडे गेला. "छाती..." एवढंच मला ऐकू आलं. मग लेकीची किंकाळी.

शिंपी वाचला. पण उजवा हात लुळा पडला, कात्री सुटली आणि बोलणं गेलं. साऱ्या शब्दांपैकी एकच उरला.

"बाबा, पाणी हवंय?"

"अडतीस."

"मग काय, दुखतंय का?"

"अडतीस. अडतीस!"

त्याला भलतंच काही सांगायचं असतं. कंठ पुन्हा पुन्हा थरथरतो, तेवढं मला कळतं. आता लेक त्याला गोळी रोज हाताने भरवते.

मित्रांनो, राबायला आम्ही कधीच नाही म्हणत नाही, पण आमच्या पोटालाही माप आहे. तुमच्या घरात कुणी मनानेच औषध बंद केलं, तर त्यांना हाताला धरून डॉक्टरांकडे न्या. ते रागावतील. रागावू द्या. रागावायलाही शब्द लागतात.

काल लेकीने जुनी वही उघडली आणि टेप त्याच्या गळ्यात घातला. किती दिवसांनी ते ओळखीचं ओझं माझ्यावर आलं!

"अडतीस," तो म्हणाला.

तिने पेन उचललं.

"लिहिलं, बाबा."